आतून लावलेली कडी

या वेळी आलेल्या पत्रांतून चार पत्रे निवडली आहेत. लिहिणाऱ्यांची परिस्थिती निरनिराळी असली, तरी चौघांचेही दुखणे एकाच जागी आहे: दुखावलेल्या मनाने स्वतःच्या रक्षणासाठी आतून कडी लावून घेतली आहे, आणि ख्रिस्तावर विश्वास असूनही ती निघत नाही. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे. पहिल्या पत्राला मी बरीच अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील प्रश्न इतर तिन्ही पत्रांच्या मुळाशी आहे.

प्रश्न: माझे वय ४२ आहे. सोळाव्या वर्षी मी अत्यंत विश्वासातील एका व्यक्तीजवळ माझी एक गोष्ट बोलले. ती काही दिवसांतच सर्वतोमुखी झाली आणि घरातही दोष मलाच मिळाला. त्यानंतर मी कोणासमोर रडले नाही. मंडळीत सगळे मला खंबीर म्हणतात. आजाऱ्यांची विचारपूस करायला, दुःखात असलेल्या कुटुंबांबरोबर प्रार्थना करायला मलाच बोलावले जाते. माझे पती म्हणतात, "तू सगळ्यांचे ऐकतेस, पण कोणी तुझे विचारले की विषय बदलतेस." गेल्या वर्षी आई वारली, तेव्हाही डोळ्यांत पाणी आले नाही. रोज प्रार्थना करते, पण ती एखाद्या अधिकाऱ्याला अहवाल द्यावा तशी होते. हा माझा अविश्वास आहे का? ही भिंत पाडायची कशी?

उत्तर: भगिनी, तुमच्या पत्रातील 'अविश्वास' हा शब्द मी आधी बाजूला ठेवतो, कारण तो मध्ये राहिला तर पुढचे सारे तुम्ही स्वतःवरील आरोप म्हणून वाचाल. ही भिंत एका सोळा वर्षांच्या मुलीने बांधली आहे, आणि तिने ती बांधली कारण तिची बाजू घेणारे त्या वेळी घरातही कोणी नव्हते. त्या भिंतीने तिला वाचवले. मानसशास्त्रात मनाच्या या संरक्षक युक्त्यांची व्यवस्थित मांडणी अ‍ॅना फ्रॉइड यांनी १९३६ साली केली. पण वेदनेपासून वाचण्यासाठी माणूस स्वतःला झाकून घेतो, हे पवित्र शास्त्र पहिल्या काही पानांतच सांगते. आदाम आणि हव्वा यांनी अंजिराची पाने शिवून स्वतःला झाकले आणि ते झाडांमध्ये लपले. त्यानंतर देवाने काय केले, इकडे आपले फारसे लक्ष जात नाही. त्याने "तू कोठे आहेस?" असे विचारले, जे खरे होते ते त्यांच्या तोंडून ऐकून घेतले, त्याचे परिणामही सांगितले, पण शेवटी त्यांची पाने ओरबाडून त्यांना उघडे पाडले नाही, तर स्वतः कातड्याची वस्त्रे करून त्यांना घातली. लपलेल्या माणसाला देव आधी अधिक चांगले पांघरूण देतो. म्हणून 'भिंत पाडायची कशी' या तुमच्या प्रश्नातील 'पाडणे' हे क्रियापद मला मान्य नाही. जिथे आता नुसती भिंत आहे तिथे एक दार बसवायचे आहे, ज्याची कडी तुमच्या हातात असेल.

भिंत दगडाचीच असते असे नाही. काहींची भिंत रागाची असते, काहींची विनोदाची, काहींची सततच्या कामाची. तुमची भिंत सेवेची आहे असे मला वाटते. दुसऱ्याच्या दुःखाजवळ बसलेल्या माणसाला त्याचे स्वतःचे दुःख कोणी विचारत नाही, आणि विचारले तरी पुन्हा दुसऱ्याकडे वळणे त्याला सोपे जाते. तुमची सेवा खोटी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. ज्या घरांत तुम्ही गेलात त्यांना मिळालेला दिलासा खराच आहे. परंतु खऱ्या सेवेच्या आडही माणूस लपू शकतो, आणि हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. माझे वडील गेल्यानंतर कित्येक महिने मी एकही प्रार्थनासभा चुकवली नाही, कारण सभा चालवणाऱ्याला रडावे लागत नाही.

योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट तुम्ही अनेकदा वाचली असेल. प्रभू तिच्या पाच पतींविषयी बोलतो, म्हणजे नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो, आणि ती लगेच विचारते की उपासना या डोंगरावर करावी की यरुशलेमेत. हा प्रश्न चांगला आहे, धर्माचा आहे, आणि विषय बदलण्यासाठी तो अगदी सोयीचाही आहे. येशू तिला 'विषय बदलू नकोस' असे म्हणत नाही. तो तिच्या प्रश्नाचे गांभीर्याने उत्तर देतो आणि त्या उत्तरातूनच तिला परत स्वतःजवळ आणतो. तुमच्या पतींच्या वाक्यात मला या प्रसंगाची आठवण झाली. आपण विषय बदलतो हे ज्याच्या लक्षात आले आहे आणि तरीही जो उठून गेलेला नाही, असा माणूस तुमच्या घरात आहे.

आता प्रार्थनेविषयी. अहवाल ही प्रार्थना नव्हे असे नाही, पण अहवालात अहवाल देणारा दिसत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जे उमगले ते त्यांनी आपल्या साक्षीत नोंदवून ठेवले आहे: ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, परंतु त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त अजून सापडला नव्हता. एवढी विदुषी, इतके सोसलेली आणि इतरांसाठी इतके करणारी स्त्री हे लिहू शकते, तेव्हा वर्षानुवर्षे प्रार्थना करूनही हृदयाचा एखादा कोपरा देवापासूनही झाकलेला राहू शकतो, हे मान्य करण्यात आपल्याला लाज वाटण्याचे कारण नाही.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील हन्नेची प्रार्थना तुम्ही या महिन्यात सावकाश वाचावी. तिला मूल नव्हते म्हणून वर्षानुवर्षे सवत तिला टोचून बोलत होती; पती प्रेमळ होता, पण 'मी तुला दहा मुलांपेक्षा अधिक नाही काय?' असे म्हणून तिचे दुःख मिटवू पाहत होता. मंदिरात ती इतकी रडली, आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवत इतका वेळ प्रार्थना करत राहिली, की याजक एलीला ती मद्य प्यालेली वाटली. म्हणजे जिथे मन मोकळे करायचे तिथेच तिच्याविषयी गैरसमज झाला. तुमच्या सोळाव्या वर्षीच्या अनुभवाशी याचे साम्य तुम्हाला जाणवेल. हन्ना मात्र कडी लावून घेत नाही. ती शांतपणे सांगते की मी परमेश्वरापुढे आपले मन ओतत आहे. एलीचेही शब्द बदलतात. आणि मग तो लहानसा तपशील येतो, ज्यासाठी मी हा अध्याय पुन्हा पुन्हा वाचतो: ती परत गेली, तिने अन्न खाल्ले आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. त्या वेळी तिची परिस्थिती तसूभरही बदललेली नव्हती. मूल नव्हते, सवत तीच होती, घर तेच होते. बरे होण्याची सुरुवात मागणे पूर्ण होण्याच्या आधी, मन ओतून झाल्यावर झाली.

'मन ओतणे' म्हणजे काय हे शिकण्यासाठी स्तोत्रसंहितेइतकी चांगली शाळा मला माहीत नाही. तिच्या १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे मोठ्या संख्येने आहेत. तेरावे स्तोत्र अवघ्या सहा ओव्यांचे आहे, आणि त्याच्या पहिल्या दोन ओव्यांतच 'किती काळ' हा प्रश्न चार वेळा येतो. ते मोठ्याने वाचा, एकांतात वाचा, आणि चौथ्या 'किती काळ' नंतर थांबून स्वतःचे एकच वाक्य बोला. ते वाक्य सुंदर असण्याची गरज नाही. खरे असले की पुरे. 'प्रभू, त्या दिवशी घरात माझी बाजू कोणी घेतली नाही' एवढे म्हणून थांबलात तरी ती प्रार्थना आहे. लगेच 'तरीपण तुझे आभार' असे जोडण्याची घाई करू नका. स्तोत्रकर्ताही शेवटी स्तुतीकडे वळतो, परंतु तो तिथे विलापातून चालत जातो.

आईसाठी अश्रू आले नाहीत याची टोचणी तुमच्या पत्रात आहे. इ.स. ३८७ मध्ये ओस्तिया येथे मोनिका वारल्या, तेव्हा त्यांचा मुलगा ऑगस्टीन वयाच्या तेहतिसाव्या वर्षात होता. आपण डोळ्यांना हुकूम करून अश्रू अडवले, दफनाच्या वेळीही रडलो नाही, दुःख हलके व्हावे म्हणून स्नान केले तरी ते हलके झाले नाही, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. झोपून उठल्यावर, एकटे असताना, आईची आठवण हळूहळू परत आली आणि मग त्यांनी देवासमोर अश्रूंना वाट दिली. पुढे चर्चच्या सर्वांत मोठ्या शिक्षकांत गणल्या गेलेल्या माणसाची ही कबुली आहे. अश्रू हुकमाने थांबतात, पण हुकमाने येत नाहीत. तुम्ही त्यांना बोलावू नका. फक्त आईविषयी कोणाशी तरी, बहुधा तुमच्या पतींशी, साध्या आठवणी बोलायला लागा. स्वतः प्रभूही लाजराच्या कबरेकडे जाताना रडला, आणि तेही त्याला पुन्हा उठवणार हे ठाऊक असताना. विश्वास दृढ असला की रडू येत नाही, ही समजूत त्या एका प्रसंगापुढे टिकत नाही.

यापुढची पायरी तुम्हाला सर्वांत कठीण वाटेल, म्हणून ती मी टाळत नाही. देवाजवळ मोकळे होणे आणि माणसाजवळ मोकळे होणे यांची फारकत फार काळ चालत नाही. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री गर्दीत मागून येऊन प्रभूच्या वस्त्राला शिवते आणि तत्क्षणी बरी होते. कोणाला न कळता बरे व्हायचे, ही तिची इच्छा पूर्ण झाली होती. तरीही प्रभू थांबतो. ज्याच्या घरी तो चालला होता त्या याईराची मुलगी मरणाच्या दारात असताना, प्रत्येक क्षण मोलाचा असताना, तो थांबून विचारतो की मला कोणी स्पर्श केला. ती भीत, कापत पुढे येते आणि सर्व खरे सांगते. तेव्हा तो तिला 'मुली' म्हणतो. शरीराचा रोग तिने लपून शिवले तेव्हाच गेला होता. पण आपण कोणाची तरी मुलगी आहोत हे तिला सर्व सांगून झाल्यावर ऐकायला मिळाले. याकोबाचे पत्रही आपण निरोगी व्हावे म्हणून एकमेकांजवळ कबुली द्यायला आणि एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगते. त्यातला 'एकमेकांजवळ' हा शब्द ओलांडून पुढे जाता येत नाही.

माणूस मात्र पारखून निवडा. जो तुमच्याजवळ इतरांची गुपिते सांगतो, तो तुमचीही सांगेल. जो तुमचे वाक्य पूर्ण होण्याआधीच उपदेशाला लागतो, तो चांगला माणूस असेल, परंतु या कामासाठी तो योग्य नाही. आधी एखादी लहान गोष्ट सांगून पाहा; ती त्याच्याजवळ राहते का, आणि पुढच्या भेटीत तो तुमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो का, हे बघा. तुम्ही कॅथलिक असाल तर पापांगीकाराच्या गुप्ततेचे बंधन फादरांवर पूर्णपणे असते, हे तुम्हाला माहीत आहेच. अन्य मंडळींत विश्वासू पाळक, त्यांच्या पत्नी किंवा प्रशिक्षित समुपदेशक हे काम करू शकतात. सोळाव्या वर्षी तुम्ही विश्वास ठेवलात ही चूक नव्हती. ज्याच्यावर ठेवला त्याने तो मोडला, ही चूक होती, आणि ती तुमची नव्हती.

हे सारे करूनही दार पुन्हा पुन्हा बंद होईल. तसे झाले तर योहानाच्या विसाव्या अध्यायाकडे या. पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी शिष्य भीतीने दारे बंद करून बसले होते. प्रभू आत आला, मध्ये उभा राहिला, "तुम्हांला शांती असो" म्हणाला आणि त्याने आपले हात व कूस दाखवली. आठ दिवसांनी ते पुन्हा एकत्र आहेत, पहिल्या वेळी नसलेला थोमाही आता आहे, आणि दारे पुन्हा बंद आहेत. त्यांनी उठलेल्या प्रभूला डोळ्यांनी पाहिले होते, तरी आठवड्याने दारे बंदच होती. प्रभूने त्यावर एका शब्दाने त्यांना बोल लावला नाही. तो पुन्हा आत आला आणि तेच शब्द पुन्हा बोलला.

प्रश्न: वडिलांच्या पश्चात माझ्या थोरल्या भावाने माझा विश्वास संपादन करून सह्या घेतल्या आणि माझा वाटा स्वतःकडे वळवला. त्याने कधी चूक मान्य केली नाही. आता मात्र 'झाले गेले विसरून जा' म्हणतो. मंडळीतील वडीलधारेही म्हणतात की ख्रिस्ती माणसाने क्षमा करून पूर्वीसारखे एक व्हावे. मी क्षमेसाठी प्रार्थना करतो, पण त्याच्यासमोर सावध राहिल्याशिवाय मला राहवत नाही. माझी क्षमा खोटी आहे का?

उत्तर: बंधू, क्षमा आणि विश्वास या दोन गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे अनेक सरळ माणसे दोनदा भरडली गेली आहेत. क्षमा म्हणजे सूड देवाच्या हाती सोपवणे. ती तुम्ही एकटे, समोरचा बदलला नाही तरी, आजपासून देऊ लागू शकता. विश्वास मात्र दोघांनी मिळून बांधायचा असतो, आणि त्याला पुरावा लागतो. आपल्या प्रभूविषयी योहान स्पष्ट लिहितो की अनेकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला तरी त्याने स्वतःला त्यांच्या स्वाधीन केले नाही, कारण मनुष्याच्या अंतरात काय आहे हे तो ओळखून होता. ज्याने वधस्तंभावरून आपल्या मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली, त्याच्याबद्दलच हे लिहिलेले आहे.

तुमचे पत्र वाचताना मला उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची आठवण येत राहिली. सतराव्या वर्षी भावांनी त्याला विकले. तिसाव्या वर्षी तो मिसरचा राजा फारो याच्यासमोर उभा राहिला आणि त्याचा अधिकारी झाला. सुकाळाची सात वर्षे गेली, दुष्काळाची दोन वर्षे गेली, म्हणजे भावांना ओळख देण्याच्या वेळी विकले जाण्याला सुमारे बावीस वर्षे झाली होती. मधल्या काळात त्याला मुलगा झाला, तेव्हा त्याचे नाव त्याने मनश्शे ठेवले, कारण देवाने आपल्याला सर्व कष्ट आणि बापाचे घर यांचा विसर पाडला असे त्याला वाटले. पण तो विसर खरा नव्हता. धान्यासाठी भाऊ समोर आले आणि आपल्या अपराधाविषयी आपसांत बोलू लागले, तेव्हा दुभाष्यामार्फत बोलणारा, त्यांची भाषा येत नाही असे दाखवणारा हा अधिकारी बाजूला जाऊन रडला. धाकटा सख्खा भाऊ बन्यामीन याला पाहिल्यावर तो आतल्या खोलीत जाऊन रडला आणि तोंड धुऊन, स्वतःला आवरून बाहेर आला. दुभाष्या, हुद्दा, धुतलेले तोंड: यांपेक्षा पक्की भिंत कोणती असू शकते?

योसेफाने ती भिंत पहिल्याच भेटीत उतरवली नाही आणि पवित्र शास्त्र त्याला त्याबद्दल दोष देत नाही. भाऊ बदलले आहेत का हे त्याने पाहिले. बन्यामीनाच्या गोणीत प्याला सापडला, तेव्हा पूर्वीप्रमाणे धाकट्याला टाकून निघून जाण्याची संधी त्यांच्यासमोर होती. त्या वेळी यहूदा पुढे आला. योसेफाला विकण्याची सूचना ज्याने केली होती तोच यहूदा आता म्हणाला की या मुलाऐवजी मला गुलाम करून ठेवा. त्यानंतर मात्र योसेफाला स्वतःला आवरता आले नाही. त्याने सर्वांना बाहेर जायला सांगितले आणि तो इतक्या मोठ्याने रडला की मिसरी लोकांनी ते ऐकले. लक्षात घ्या, रडणे आधीही चालू होते. त्याचे हृदय कठोर झालेले नव्हते. सावधपणा आणि कठोरपणा यांतील फरक मला या गोष्टीइतका स्पष्ट दुसरीकडे कोठे दिसलेला नाही.

म्हणून तुमच्या वडीलधाऱ्यांचा मान राखूनही मी वेगळे सांगेन. तुमच्या भावाने अजून यहूदासारखे काही केलेले नाही. 'विसरून जा' हे ज्याने घाव घातला त्याने सांगायचे वाक्य नव्हे. त्याच्याविषयी वाईट चिंतू नका, त्याच्यासाठी प्रार्थना सोडू नका, त्याच्या अडचणीत तोंड फिरवू नका. परंतु पुन्हा डोळे मिटून सही करणे ही क्षमेची अट नाही, आणि व्यवहार लेखी ठेवण्याने क्षमा खोटी ठरत नाही. हेच मी अशा प्रत्येकाला सांगतो ज्याच्या घरात मारहाण किंवा छळ चालू आहे: छळ करणाऱ्यासमोर मन उघडे करणे हे देवाने मागितलेले नाही, आणि तिथून दूर, सुरक्षित ठिकाणी जाणे हे पाप नाही. तुमची परीक्षा वेगळ्या जागी आहे. भावाविरुद्ध बांधलेली भिंत पत्नी, मुले आणि मित्र यांच्यासमोरही उभी राहिली आहे का? ती तिथे उभी असेल, तर भावाने तुमच्या वाट्याहून कितीतरी अधिक नेले आहे, आणि परत मिळवण्याच्या कामाला तिथून सुरुवात करायला हवी.

प्रश्न: लहानपणी झालेल्या आघातासाठी मी नऊ वर्षे प्रार्थना करीत आहे. सभांमध्ये पुष्कळांनी माझ्यावर हात ठेवले. तरीही रात्री दचकून जागा होतो. माझा विश्वास कमी पडतो का?

उत्तर: नाही. प्रेषित पौलाने शरीरातील काट्यासाठी तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, कृपा मिळाली, आणि पौलाचा विश्वास कमी होता असे कोणी म्हणत नाही. स्तोत्र ८८ तर अंधारात सुरू होऊन अंधाराच्याच शब्दावर संपते, आणि तरीही ते आपल्या प्रार्थनापुस्तकात आहे. पुनरुत्थित प्रभूच्या देहावरही व्रण राहिले होते. ख्रिस्ती अर्थाने बरे होणे म्हणजे व्रण नाहीसा होणे एवढेच असते, तर व्रण पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या थोमाला दाखवण्यासारखे काही उरले नसते.

तुमच्या पत्रातील झोपेचा उल्लेख मी फार गंभीरपणे घेतो. संदेष्टा एलीया थकून मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, खाऊ घातले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. देवाची मंद वाणी त्याने पुष्कळ नंतर ऐकली. लहानपणचा आघात आणि रात्रीचे दचकणे यांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि प्रशिक्षित समुपदेशक आहेत, आणि ते उपचार गुणकारी ठरतात. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. वैद्याकडे जाणाऱ्याने विश्वास सोडला असे त्या पहिल्या पिढीला वाटले नाही. याच आठवड्यात वेळ ठरवा, जाताना विश्वासातील एका माणसाला बरोबर घ्या. आणि जीव नकोसा वाटत असेल, तर आठवड्याची वाट न पाहता आजच जवळच्या माणसाला व डॉक्टरांना सांगा. प्रार्थना चालू ठेवा. फक्त तिच्यातून 'माझा विश्वास वाढव म्हणजे हे जाईल' ही अट काढून टाका.

प्रश्न: माझी पत्नी मनातले काही बोलत नाही. तिने पूर्वी बरेच सोसले आहे. मी तिला वारंवार विचारतो, योग्य ती वचने वाचून दाखवतो, आपण प्रभूवर भार टाकला पाहिजे असे समजावतो. ती अधिकच मिटून घेते. मी काय करावे?

उत्तर: बंधू, तुमच्या प्रेमाविषयी शंका नाही; शंका आहे ती गतीविषयी. नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात म्हटले आहे की खिन्न हृदयासमोर गाणी गाणारा हा थंडीच्या दिवसांत अंगावरचे वस्त्र काढून घेणाऱ्यासारखा असतो. वचने खरी असतात, पण चुकीच्या क्षणी वाचलेले खरे वचनही ऐकणाऱ्याला 'आता पुरे, गप्प राहा' असे सांगू शकते. ईयोबाच्या मित्रांनी सर्वांत चांगले काम पहिल्या सात दिवसांत केले, जेव्हा ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. बिघडले ते बोलू लागल्यावर.

पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर प्रभूने काय केले ते पाहा. दोघे शिष्य त्याच्या मरणाने खिन्न होऊन चालले होते, आणि बरोबर चालणारा तोच आहे हे त्यांनी ओळखले नव्हते. काय घडले हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते, कारण ते त्याच्याच बाबतीत घडले होते. तरी त्याने विचारले, "कोणत्या गोष्टी?" आणि त्यांचे सारे, त्यांच्या भंगलेल्या आशेसह, ऐकून घेतले. शास्त्राचा उलगडा त्याने त्यानंतर केला, आणि तोही चालता चालता, त्यांच्या पावलाने.

आणखी एक गोष्ट तुमच्या दीर्घ पत्रात मी शोधत होतो आणि ती मला सापडली नाही. पत्नीचे मौन, तिचा भूतकाळ, तिने काय करायला हवे, हे सारे त्यात आहे. तुमची स्वतःची भीती एका ओळीतही नाही. गेथशेमाने बागेत प्रभूने तीन शिष्यांना सांगितले की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, तुम्ही येथे माझ्याबरोबर जागे राहा. देवाच्या पुत्राने आपले दुःख मित्रांना आधी सांगितले, आणि ते झोपी गेले तरी तो पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे आला. तुम्ही तिच्याकडे जे मागत आहात ते तुम्ही तिला कधी दिले आहे का? ती मिटून घेते तेव्हा तुम्हाला एकटे वाटत असणार, आपण पती म्हणून कमी पडलो असे वाटत असणार, कदाचित त्याहून जुने असेही काही असेल जे तुम्ही कोणालाच सांगितलेले नाही. या आठवड्यात एका संध्याकाळी, वचन न वाचता, त्यातील एक गोष्ट तिला सांगा. सांगून झाल्यावर तिला काही विचारू नका. थोडा वेळ तिच्याजवळ बसून राहा.